बाकाबाईपासून टॅरिफपर्यंत: नागपूरच्या बडग्यांमागचे परराष्ट्रकारण

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मारबतींची, म्हणजे मोठ्या स्त्रीपुतळ्यांची मिरवणूक निघते. त्यातली काळी मारबत म्हणजे बाकाबाई, हे शहरात पोराटोरांनाही ठाऊक असते. इंग्रजांना जाऊन मिळालेली भोसल्यांची राणी, म्हणून तिचा पुतळा काळा आणि म्हणून तो दरवर्षी वाजतगाजत नेऊन जाळायचा. जोडीला पूतनेची कथा सांगतात, रोगराई घेऊन जाण्याची तर घोषणाच आहे. पण लोकांनी राजकीय अर्थ म्हणून धरून ठेवला तो बाकाबाईचाच. आज पाकिस्तानचा, चीनचा किंवा अमेरिकेच्या अध्यक्षांचा बडग्या, म्हणजे मारबतीसोबतचा उपहासाचा पुतळा, निघतो तो याच अर्थाच्या वाटेने निघतो: परक्याशी व्यवहार करताना दगा कोणी दिला आणि किंमत कोणाला मोजावी लागली. म्हणून मूळ गोष्ट कितपत खरी आहे, हे आधी पाहायला हवे. माझ्या मते ती अर्धीच खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागाबद्दल नागपूरकर फारसे बोलत नाहीत.

दुसरे रघूजी भोसले २२ मार्च १८१६ ला वारले. १८०३ च्या देवगावच्या तहात कटक आणि वर्धेपलीकडचा वऱ्हाड गमावूनही त्यांनी इंग्रजांची तैनाती फौज शेवटपर्यंत राज्यात येऊ दिली नव्हती. त्यांच्यामागे राहिलेला मुलगा परसोजी दृष्टीने आणि शरीराने अधू होता. कारभार कोणी पाहायचा यावरून वाड्यात दोन तट पडले. एकीकडे परसोजीची सावत्र आई बाकाबाई आणि धर्माजी भोसले, दुसरीकडे चुलतभाऊ आप्पासाहेब. आप्पासाहेबांनी धर्माजीला कैद केले, कारभार ताब्यात घेतला आणि आपली बाजू पक्की करायला इंग्रज रेसिडेंटशी, म्हणजे दरबारातल्या त्यांच्या प्रतिनिधीशी, गुपचूप बोलणी लावली. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस, रात्रीच्या वेळी, तैनाती फौजेच्या तहावर सही झाली. फौजेच्या खर्चापोटी वर्षाला साडेसात लाख रुपये द्यायचे आणि दुसऱ्या राज्यांशी व्यवहार इंग्रजांच्या संमतीनेच करायचा, असा तो तह होता. नागपूरचे परराष्ट्र धोरण त्या रात्री संपले. आणि ती सही बाकाबाईची नव्हती. उलट, तिच्या गटाला मात देण्यासाठीच हा तह झाला होता.

पुढच्या फेब्रुवारीत परसोजी अंथरुणात मृत सापडला. संशय आप्पासाहेबांवर गेला. गादीवर आल्यावर त्यांना उमगले की ज्यांची फौज आपण आपल्या पैशाने पोसतो, ते आपल्याला हलू देत नाहीत. त्यांनी पुण्याच्या पेशव्यांशी संधान बांधले, सेनापतीपदाची वस्त्रे स्वीकारली आणि २६ व २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली. ती हरली. डिसेंबरात शहरही पडले. पुढे कैद, प्रयागच्या वाटेवर पहाऱ्यातून निसटणे, महादेवाच्या डोंगरांतली धावपळ आणि १८४० मध्ये जोधपूरच्या आश्रयाला मृत्यू. लोकांच्या आठवणीत आप्पासाहेब लढणारा राजा म्हणून राहिले. ते लढले हे खरेच आहे, आणि सीताबर्डीला पडलेल्या माणसांचा मान कोणी कमी करू नये. पण त्यांच्या लढाईने त्यांची मे १८१६ ची सही धुऊन काढली, तशी सवलत बाकाबाईला कधी मिळाली नाही.

ती महालात राहिली, चाळीस वर्षे, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. १८१८ मध्ये दुसऱ्या रघूजींचा लहानगा नातू, मुलीचा मुलगा, तिसरा रघूजी म्हणून गादीवर बसवला गेला आणि पालक म्हणून तिचे नाव लागले. प्रत्यक्ष कारभार १८२६ पर्यंत रेसिडेंट जेंकिन्सच्या हातात होता. तिने तो मान्य केला. गादी टिकवायची तर इंग्रजांशी जुळवून घ्यायचे, हा तिचा हिशोब होता. ११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि तो हिशोब चुकल्याचे दिसले. दत्तकाचा हक्क डलहौसीने मानला नाही आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात कवडीमोलाने गेले, दागिने विकायला कलकत्त्याला रवाना झाले. वाड्यातले सामान हलवाल तर वाडाच पेटवून देईन, असे म्हाताऱ्या बाकाबाईने बजावल्याची नोंद खुद्द इंग्रज इतिहासकाराने केली आहे. इंग्रजांना मिळालेल्या बाईची ही गोष्ट मारबतीच्या वाटेवरच्या इतवारीत सांगितलेली मी तरी ऐकलेली नाही.

खरा वाद १८५७ चा आहे. जूनमध्ये टाकळीच्या रिसाल्यातल्या स्वारांनी उठावाचा बेत केला. तो फसला आणि काही जण फासावर गेले. बाकाबाईने आपल्या नातलगांना आणि आश्रितांना शांत राहायला सांगितले. तिने खूण केली असती तर नागपूर उठले असते, असे मानणारे आजही आहेत. दुसरी बाजू अशी की कामठीला मद्रासची पलटण बसलेली होती आणि ती फिरण्याचे चिन्ह नव्हते. राज्य, खजिना, हत्यारे तीन वर्षांपूर्वीच गेली होती. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या हातात उरली होती फक्त पेन्शन आणि दत्तकाचा अर्ज. मला विचाराल तर १८५७ चा तिचा निर्णय चुकीचा होता. ज्याने तीन वर्षांपूर्वी घर लुटले त्याच्या शब्दावर तिने पुन्हा विसंबून राहायला नको होते. सप्टेंबर १८५८ मध्ये ती वारली. नंतर दत्तक जानोजींना राजेबहादूर हा किताब आणि साताऱ्याकडचे देऊर मिळाले. गादी परत आली नाही. पण परक्याच्या मैत्रीवर राज्य तोलून धरण्याची चूक तिच्यापासून सुरू झाली नव्हती. ती चूक १८१६ च्या सहीत होती, आणि त्या सहीचा पुतळा नागपूरने कधी केला नाही.

काळी मारबत निघू लागली ती १८८१ च्या सुमारास, म्हणजे बाकाबाईच्या मृत्यूनंतर दोन दशके उलटल्यावर. पिवळी मारबत १८८५ पासूनची, जागनाथ बुधवारीतली. हा काळ ध्यानात घ्या. राजद्रोहाचे कलम १८७० मध्ये कायद्यात आले होते, देशी भाषांतल्या वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदा १८७८ चा. चीफ कमिशनरचा पुतळा करून इतवारीतून फिरवणे शक्यच नव्हते. मेलेल्या राणीचा पुतळा शक्य होता, तोही देवधर्माच्या आणि रोगराई घालवण्याच्या पांघरुणाखाली. राग इंग्रजांवर होता आणि जळत होती बाकाबाई, असा माझा कयास आहे. त्यात लोकांची हुशारी होती, धैर्यही होते. फक्त इंग्रज गेल्यावर हिशोब पुन्हा मांडायला हवा होता. तो कोणी मांडला नाही.

बडग्या हा या परंपरेचा मोकळा भाग. मारबतीचे रूप ठरलेले असते, बडग्या दरवर्षी नवा. बांबू, कागद, चिंध्या, वर एक ओळखू येईल असा चेहरा आणि गळ्यात फलक. पोळ्याला गावोगाव तोरणाखाली झडत्या, म्हणजे टोमण्यांची कवने, म्हणतात, सावकारापासून सरकारपर्यंत कोणालाही सोडत नाहीत, त्याच वृत्तीचे हे शहरी रूप. महागाई, भ्रष्टाचार, फुटलेले रस्ते हे घरचे विषय. त्यांच्या बरोबरीने परदेशी माणसांचे बडग्ये आले, आणि अलीकडच्या वर्षांत त्यांना जास्त टाळ्या मिळू लागल्या. नेहरू पुतळ्यापाशी काळी आणि पिवळी समोरासमोर येतात तेव्हा चौकात पाय ठेवायला जागा नसते, आणि आजूबाजूला पाकिस्तान, चीन, दहशतवाद यांचे फलक हलत असतात.

या फलकांमागच्या घटना पाहिल्या तर एक क्रम पुन्हा पुन्हा येतो. आधी गळाभेट, मग धक्का, मग पुतळा. २९ एप्रिल १९५४ चा पंचशील करार आणि ऑक्टोबर १९६२ चे चिनी आक्रमण यांतले अंतर साडेआठ वर्षांचे होते. फेब्रुवारी १९९९ ची लाहोर बस आणि मे महिन्यातले कारगिल यांत तीन महिनेही गेले नाहीत. २५ डिसेंबर २०१५ ला भारताचे पंतप्रधान लाहोरला अचानक थांबले आणि २ जानेवारी २०१६ ला पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला. चीनच्या अध्यक्षांशी भेटी वुहानला २०१८ मध्ये, मामल्लपुरमला ऑक्टोबर २०१९ मध्ये, आणि १५ जून २०२० ला गलवानमध्ये २० जवान शहीद. त्या वर्षी कोरोनाच्या निर्बंधांमुळे मारबतीची नेहमीची मिरवणूक झाली नाही, नाहीतर तो राग इतवारीत कसा दिसला असता याची कल्पना करता येते.

प्रत्येक वेळी दगा समोरच्याने दिला, यात शंका नाही. पण दगा देता येईल इतका विश्वास आपण कशाच्या आधारावर टाकला, हा प्रश्न पुतळ्यात मावत नाही. १९६२ च्या पराभवाची लष्करी चौकशी झाली, तिचा अहवाल सरकारने आजवर अधिकृतपणे खुला केलेला नाही. कारगिलच्या चौकशीचा अहवाल संसदेपुढे आला, काही पाने वगळून. मेजावर बसून कोणाचा अंदाज चुकला हे लोकांना कळतच नसेल, तर ते पुतळा करणार तो शत्रूचाच. दोष बडग्या बांधणाऱ्या पोरांचा नाही. त्यांना माहिती न देणाऱ्यांचा आहे.

उपहासाची ताकद परराष्ट्र खात्यांना मात्र चांगली कळते. १९३७ च्या नोव्हेंबरात ब्रिटिश सरकारमधले एक ज्येष्ठ मंत्री जर्मनीला जाऊन आले. लंडनच्या एका सायंदैनिकातल्या व्यंगचित्रांवर तिथले सत्ताधारी फार चिडतात, असे त्यांच्या कानावर पडले. परतल्यावर त्यांनी व्यंगचित्रकाराला हात जरा आखडता घ्यायला सांगितले. पुढच्याच वर्षी म्युनिकचा करार झाला, चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडून दिला गेला, आणि त्यानंतर वर्षभरात महायुद्ध पेटले. समोरच्याचा स्वभाव सरकारपेक्षा व्यंगचित्रकाराला अचूक दिसला होता, आणि त्याचा कुंचला परदेशातल्या सत्ताधाऱ्यांइतकाच आपल्या पंतप्रधानांच्या भोळेपणावरही चालत असे. ही दुसरी बाजू महत्त्वाची आहे. शत्रूला हास्यास्पद दाखवणे सोपे, आणि कधीकधी घातकही, कारण हसता हसता त्याला कमी लेखले जाते. त्याच्याशी हातमिळवणी करणाऱ्या आपल्या माणसाला प्रश्न विचारणे अवघड, आणि उपहासाचे खरे काम तिथेच सुरू होते.

२३ ऑगस्ट २०२५ च्या मिरवणुकीत अमेरिकेच्या अध्यक्षांचा बडग्या निघाला आणि देशभरच्या वाहिन्यांनी तो दाखवला. भारतीय मालावरचे २५ टक्के शुल्क ७ ऑगस्टपासून लागू झाले होते. रशियाचे तेल घेतो म्हणून आणखी २५ टक्के चार दिवसांनी, २७ ऑगस्टला, लागणार होते. राग रास्त होता. हे तेच अध्यक्ष, ज्यांच्यासाठी सप्टेंबर २०१९ मध्ये ह्यूस्टनला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये अहमदाबादला स्टेडियम भरले होते. दोन नेत्यांची वैयक्तिक जवळीक म्हणजे दोन देशांचे हितसंबंध जुळले, असे तेव्हा देशाला सांगितले गेले. तो अंदाज दिल्लीत बांधला गेला होता. त्याचा पुतळा कुठे होता?

आणि त्याच आठवड्यात विदर्भाच्या मुळावर येणारा निर्णय दिल्लीतच झाला. १९ ऑगस्टपासून कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क ३० सप्टेंबरपर्यंत उठवले गेले. मिरवणुकीनंतर पाच दिवसांनी ती मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. कारण सांगितले गेले कापड उद्योगाला दिलासा देण्याचे. अमेरिकेत महाग झालेल्या कपड्यांना स्वस्त रुई मिळावी हे तर्काला धरून आहे, आणि गिरण्यांची मागणीही जुनी होती. पण शुल्क उठले ते नेमके वर्धा, यवतमाळ, अमरावतीचा कापूस बाजारात येण्याच्या हंगामात. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या वर्षी क्विंटलला ८,११० रुपये होता, मध्यम धाग्याचा ७,७१०, आणि अनेक बाजारांत व्यापाऱ्यांचा भाव त्याच्या खाली राहिला. सरकारी खरेदी केंद्रावर ओलाव्याची अट, नोंदणीची रांग, त्यामुळे ज्याला दिवाळीला पैसा लागतो त्याने मिळेल त्या भावात गाडी रिकामी केली.

वॉशिंग्टनचा फटका सुरतेच्या आणि तिरुपूरच्या कारखान्यांना बसला, त्याची भरपाई विदर्भाच्या शेतकऱ्याच्या खिशातून करायची हे दिल्लीने ठरवले. मिरवणुकीच्या आदल्याच दिवशी, पोळ्याला, ज्याने बैलांना सजवून तोरणाखाली उभे केले होते, त्याच्या कापसाची ही गोष्ट आहे. पुढच्या तान्ह्या पोळ्याला टॅरिफचा बडग्या पुन्हा निघाला, तर कापसाच्या आयातीची ती अधिसूचनाही त्याच्या गळ्यात तारखांसह लटकलेली असावी, आणि खाली ती काढणाऱ्या खात्याचे नाव.