कॅमेऱ्याची सॅक आणि लांब लेन्सची सॅक: दिसायला सारख्या, कामाला वेगळ्या

दुकानात शेजारी शेजारी टांगलेल्या या दोन सॅक पाहिल्या, तर त्यांच्यात नेमका फरक काय हे पटकन सांगता येत नाही. दोन्ही काळ्या किंवा करड्या असतात, दोन्हींची उंची जवळपास सारखी असते, दोन्हींना कमरेचा पट्टा, बाजूला ट्रायपॉडची सोय आणि तळाशी घडी करून ठेवलेले पावसाचे आवरण असते. वर्णनातही दोन्हींखाली ‘१५०-६०० लेन्स मावते’ (म्हणजे १५० ते ६०० मिमीची, दूरचे जवळ आणणारी मोठी झूम लेन्स) असे लिहिलेले आढळते आणि ते दोन्हींच्या बाबतीत खरेही असते. फरक पडतो तो ही लेन्स कोणत्या अवस्थेत मावते यात. नेहमीच्या कॅमेरा सॅकमध्ये ती बहुधा कॅमेऱ्यापासून सुटी करून, दोन्ही टोकांना झाकणे लावून एका कप्प्यात ठेवावी लागते. लांब लेन्सच्या सॅकमध्ये ती बॉडीला, म्हणजे खुद्द कॅमेऱ्याला, लावलेली असतानाच जशीच्या तशी ठेवता येते. पक्षी आणि वन्यजीव टिपणाऱ्या माणसाने सॅक निवडताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, असे माझे ठाम मत आहे. सॅक किती लिटरची, कप्पे किती, लॅपटॉप बसतो का, या गोष्टी त्यानंतरच्या आहेत.

आधी मापे पाहू, कारण बहुतेक घोटाळा तिथेच होतो. आपल्याकडच्या हौशी छायाचित्रकारांच्या हातात सर्रास दिसणारी निकॉनची २००-५०० मिमी एफ/५.६ ही लेन्स २६७.५ मिमी लांब, १०८ मिमी व्यासाची आणि कॉलरसह (लेन्सभोवतीचे, ट्रायपॉडला जोडायचे कडे) सुमारे २३०० ग्रॅम वजनाची आहे. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी सुमारे २६० मिमी लांब आणि १९३० ग्रॅमची आहे. ही लांबी कंपन्या देतात ती माउंटच्या, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे जोडतात त्या तोंडाच्या, कडेपासून पुढच्या टोकापर्यंतची, झूम पूर्ण मिटलेला असताना आणि हूड, म्हणजे पुढच्या काचेभोवती लावायचे नळकांडे, काढलेला असताना. त्यात बॉडीची माउंटमागची जाडी मिळवावी लागते. डीएसएलआर प्रकारच्या कॅमेऱ्यात आत आरसा असल्यामुळे ही जाडी आयकपपर्यंत (डोळा टेकवायच्या रबरी कडेपर्यंत) सात-आठ सेंटिमीटर भरते. म्हणजे २००-५०० लावलेला कॅमेरा सुमारे ३४ ते ३५ सेंटिमीटर लांबीचा होतो. मिररलेस, म्हणजे आरसा नसलेली, बॉडी माउंटच्या मागे पातळ असते, त्यामुळे तिच्याबरोबर कमी लांबीची सॅक चालेल असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात मिररलेससाठी बनवलेल्या या वर्गातील काही लेन्स स्वतःच अधिक लांब आहेत. सोनीची २००-६०० ही लेन्स ३१८ मिमी आणि निकॉनची झेड १८०-६०० ही ३१५.५ मिमी लांब आहे. या दोन्हींचा झूम आतल्या आत फिरतो. म्हणून त्या झूम करताना वाढत नाहीत, पण ठेवताना मिटतही नाहीत. बॉडीसह त्यांची लांबी ३७ ते ३८ सेंटिमीटरपर्यंत जाते. जुनी २००-५०० अडॅप्टर, म्हणजे मधले जोडकडे, लावून निकॉनच्या मिररलेस झेड बॉडीवर वापरणाऱ्यांना अडॅप्टरचे तीन सेंटिमीटर मोजावेच लागतात, त्यामुळे पातळ बॉडीचा फायदा तिथेच संपतो.

आता सॅकच्या बाजूने पाहिले, तर तिची बाहेरची उंची ५० सेंटिमीटर असणे म्हणजे आत ५० सेंटिमीटर जागा असणे नव्हे. तळाचा आणि माथ्याचा फोम, वरचा छोटा कप्पा आणि आवरणाची घडी यांत त्यातली बरीच उंची जाते. शिवाय नेहमीच्या सॅकचा एक फार खपणारा प्रकार असा आहे की, तिच्या फक्त खालच्या अर्ध्या भागात कॅमेऱ्याची फोमची पेटी असते आणि वरचा भाग डबा, जॅकेट वगैरेंसाठी मोकळा असतो. एका दिवसाच्या भटकंतीसाठी ही रचना उत्तम आहे. मात्र तिच्या पेटीत २६ सेंटिमीटरची सुटी लेन्स आडवी किंवा तिरपी कशीबशी बसते. लावलेली लेन्स बसण्याचा प्रश्नच येत नाही. लांब लेन्सच्या सॅकमध्ये याउलट मधोमध वरपासून खालपर्यंत एकच सलग पोकळी असते आणि दोन्ही बाजूंना अरुंद कप्पे उरतात. त्यात दुसरी बॉडी, एखादी छोटी लेन्स, बॅटऱ्या आणि कार्डे एवढेच नीट राहते.

लांबीइतकेच महत्त्व आतल्या खोलीला आहे, आणि तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. हूड उलटा करून लावला की लेन्सचा घेर वाढतो. त्यात कॉलरला असलेला, ट्रायपॉडवर बसवायचा पाय खाली आला की उंची आणखी वाढते. नेहमीच्या सॅकची आतली खोली पुष्कळदा १२ ते १४ सेंटिमीटरच असते. अशा सॅकमध्ये मोठी लेन्स ठेवून चेन लावली की झाकण फुगते आणि सगळा दाब नेमका झूमच्या कड्यावर आणि हूडवर येतो. घरी टेबलावर कॅमेरा आडवा ठेवावा, लेन्स लावलेली, झूम मिटवून लॉक केलेला, हूड उलटा. आयकपपासून पुढच्या झाकणापर्यंतची लांबी आणि पायासकटची उंची टेपने मोजावी, आणि दोन्हींत दोन-दोन सेंटिमीटर मिळवून ते आकडे दुकानात न्यावेत. पाय सुटा होणारा असेल किंवा कॉलर फिरवून तो बाजूला घेता येत असेल, तर उंची कमी होते. परंतु रोज सॅक भरताना आपण तेवढे खरोखर करणार आहोत का, याचा प्रामाणिक विचार करूनच तो आकडा धरावा.

लेन्स लावलेलीच का राहायला हवी, याची दोन कारणे आहेत. पहिले वेळेचे, आणि ते उघड आहे: मागचे झाकण काढा, बॉडीचे झाकण काढा, लेन्स फिरवून बसवा, हूड सरळ करा, एवढे होईपर्यंत खंड्याने पाण्यात सूर मारून मासा नेलेला असतो. दुसरे कारण धुळीचे आहे आणि मला ते अधिक गंभीर वाटते. ताडोब्यात एप्रिल-मे महिन्यांत पुढच्या जिप्सीने उडवलेली माती कितीतरी वेळ हवेत तरंगत राहते. कपड्यांवर, भुवयांवर, सॅकच्या चेनमध्ये ती बसते. अशा हवेत बॉडीचे तोंड उघडणे म्हणजे सेन्सरवर डाग ओढवून घेणे. असे डाग मोठ्या ॲपर्चरला (लेन्सचे छिद्र जास्त उघडे असताना) फारसे दिसत नाहीत, पण नंतर एफ/११ वर, म्हणजे ते छिद्र बारीक करून, आकाशाचा फोटो काढला की ते करड्या ठिपक्यांच्या रूपाने उमटतात. मुक्कामाच्या खोलीत पहाटे लेन्स लावावी आणि संध्याकाळी खोलीतच काढावी, हा नियम पाळायचा असेल, तर मधल्या वेळेत लावलेला कॅमेरा झाकून ठेवायला जागा लागतेच. ती जागा लांब लेन्सची सॅक देते. नेहमीच्या सॅकवाल्याला कॅमेरा मांडीवर, टॉवेलखाली धरून बसावे लागते. प्रत्यक्ष सफारी चालू असताना लांब लेन्सच्या सॅकवालेही बहुधा तसेच बसतात, हे मान्य केले पाहिजे. तिचा खरा उपयोग मुक्कामापासून गेटपर्यंतच्या, गेटवर ताटकळण्याच्या आणि परतीच्या वाटेवरच्या वेळात होतो.

सॅक कोणत्या बाजूने उघडते, हा मुद्दा दोन्ही प्रकारांना लागू आहे, पण लांब लेन्सच्या बाबतीत तो जास्त बोचतो. काही सॅक पुढच्या, म्हणजे जगाकडे तोंड असलेल्या बाजूने उघडतात. काही पाठीला टेकणाऱ्या बाजूने. पुढून उघडणारी सॅक जमिनीवर ठेवली की पट्टे आणि पाठीची गादी चिखलात जातात, आणि तोच चिखल पुन्हा अंगावर येतो. भिगवणला उजनीच्या पाणफुगवट्यात रोहित पाहायला होडीने जाताना तळाशी बहुतेक वेळा थोडे पाणी साचलेले असते. तिथे पाठीकडून उघडणारी सॅक पट्टे वर करून ठेवावी: बाहेरची बाजू ओली झाली तरी बिघडत नाही, पट्टे कोरडे राहतात आणि झाकण आपल्यासमोर उघडते. गर्दीच्या लोकलमध्ये किंवा एसटीतही मागून कोणी चेन उघडण्याचा धोका या रचनेत राहत नाही. याची किंमत एवढीच की, सॅक पूर्ण उतरवल्याशिवाय कॅमेरा हाती येत नाही. लांब लेन्सच्या काही सॅक वरच्या तोंडानेही उघडतात आणि बॉडी त्या तोंडाशी येईल अशी ठेवता येते. कॅमेरा तलवारीसारखा सरळ वर ओढून काढता येतो. दाट झाडीत, जिथे सॅक पसरायला जागा नसते, तिथे हे वरचे तोंड फार उपयोगी पडते.

लेन्स लावून ठेवल्याने माउंट सैल होतो का, अशी शंका नवे लोक आवर्जून विचारतात. माउंटला खरा त्रास वाकवणाऱ्या जोराचा होतो. सॅक आडवी ठेवल्यावर लेन्स कॉलरच्या पायावर टेकते आणि बॉडी अधांतरी राहते. गाडी खड्ड्यातून गेली की प्रत्येक हिसक्याला बॉडीचे वजन माउंटवर तोलले जाते. बॉडीखाली फोमचा एक जाड तुकडा सरकवला आणि लेन्सच्या दोन्ही बाजूंचे वेल्क्रोचे दुभाजक घट्ट जवळ आणले, तर हा प्रश्न उरत नाही. चांगल्या सॅकबरोबर असे सुटे तुकडे मिळतात, आणि खरेदीच्या वेळी ते पिशवीत आहेत ना हे पाहून घ्यावे. सॅकमधून काढतानाही हात लेन्सच्या कॉलरला घालावा. बॉडीच्या पकडीला धरून दोन-सव्वादोन किलोची लेन्स उचलणे टाळावे.

एवढे सांगितल्यावर लांब लेन्सची सॅकच सर्वांनी घ्यावी असा समज होऊ नये. ज्याची मोठी लेन्स वर्षातून थोड्याच वेळा बाहेर निघते, त्याला तिची अडचणच जास्त होते. पावसाळ्यात आंबोलीला बेडूक आणि साप टिपायला जाणारा माणूस मॅक्रो लेन्स, दोन फ्लॅश, डिफ्यूझर आणि विजेऱ्या नेतो; त्याच्यासाठी मधली सलग पोकळी निरुपयोगी आणि चौकोनी कप्पे मोलाचे. लग्नसमारंभाचे काम करणाऱ्याचेही तसेच. दुभाजक हलवून लांब लेन्सची सॅक नेहमीच्या सॅकसारखी लावता येते, असे विक्रेते सांगतात आणि ते अंशतः खरे आहे. पण अरुंद आणि खोल सॅकमध्ये वस्तू एकमेकींखाली जातात आणि हवी ती वस्तू नेहमी तळाशी सापडते.

मधला एक वर्गही आहे, आणि त्यातल्या लोकांनी उगाच मोठी सॅक घेऊ नये. कॅननची आरएफ १००-५०० ही लेन्स मिटलेली असताना २०७.६ मिमी भरते आणि कॉलरशिवाय तिचे वजन १३७० ग्रॅम आहे. मिररलेस बॉडीसह ती २७-२८ सेंटिमीटरमध्ये बसते, म्हणून पूर्ण उंचीचा कॅमेरा कप्पा असलेल्या नेहमीच्या सॅकमधले एक-दोन दुभाजक काढले की काम होते. १००-४०० वर्गातील बहुतेक लेन्सना हेच लागू आहे. त्यांच्यासाठी वरून उघडणारी, छातीवर किंवा खांद्यावर अडकवायची टॉपलोडर पिशवीही चालते. २००-५०० ला मात्र ती सुचवू नये, कारण निकॉनच्या डी५०० बॉडीसह सव्वातीन किलोच्या आसपासचे वजन एका खांद्यावर घेऊन सकाळभर चालल्यावर मान आणि खांदा दोन्ही भरून येतात.

विमानाने जाणाऱ्यांसाठी हिशेब वेगळा होतो. देशांतर्गत इकॉनॉमी वर्गात साधारणपणे ७ किलोची एकच हातबॅग चालते आणि तिच्या लांबी-रुंदी-उंचीची बेरीज ११५ सेंटिमीटरच्या आत असावी लागते. जाड फोमच्या चांगल्या सॅकचे रिकामे वजनच दीड ते अडीच किलो असते. त्यात सव्वातीन किलोचा कॅमेरा, दुसरी बॉडी आणि दुर्बीण आली की मर्यादा ओलांडली जाते. म्हणून बंगळूर-दिल्लीहून किंवा परदेशातून नागपूरला उतरून ताडोबा किंवा पेंचला जाणाऱ्याने सॅकचे रिकामे वजन आधी विचारावे, खिशांची संख्या नंतर. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातबॅगेतच न्याव्या लागतात, चार्जर मात्र खालच्या सामानात देता येतो. लांब लेन्सच्या सॅकमध्ये कपड्यांना जागा नसल्यामुळे दुसरी बॅग घ्यावीच लागते, हेही आधी गृहीत धरावे.

पावसाचे आवरण दोन्ही प्रकारांत फक्त बाहेरची बाजू झाकते. सह्याद्रीतल्या पावसात पाठीवरून ओघळणारे पाणी गादीत मुरते आणि पाठीकडून उघडणाऱ्या सॅकच्या चेनपर्यंत पोहोचते. अशा वेळी आत आणखी एक जाड प्लॅस्टिकची पिशवी असावी. फोम ओल धरून ठेवतो, त्यामुळे मुंबई-कोकणात घरी आल्यावर कॅमेरा कोणत्याच सॅकमध्ये ठेवू नये. ४० ते ५० टक्के आर्द्रता राखणारे कपाट किंवा सिलिका जेल घातलेला घट्ट झाकणाचा डबा हीच लेन्सला बुरशीपासून वाचवणारी जागा आहे.

शेवटी, सॅक चित्रावरून मागवण्याऐवजी आपला कॅमेरा, आपली लेन्स आणि आपला हूड घेऊन दुकानात जावे. लावलेली लेन्स आत ठेवून, चेन पूर्ण बंद करून सॅक पाठीवर घ्यावी, कमरेचा पट्टा आवळावा आणि एकदा खाली बसून उठावे. सॅकचा माथा डोक्याच्या मागे लागत असेल, तर झाडावरचा पक्षी पाहायला मान वर करता येणार नाही. आणि चेन लावताना झाकण हाताने दाबावे लागत असेल, तर दुकानदार कितीही सवलत देवो, ती सॅक परत टांगायला सांगावी.