आश्रयगृहात फक्त मायाळू मन पुरतं?

पणजी-मडगावात ऑफिसची नोकरी सोडून महिला आश्रयगृहात जाऊ पाहणाऱ्यांना हमखास ऐकवलं जातं: ‘तिथं मायाळू मन पुरे, तुझं फायलिंग काय कामाचं?’ हे साफ चूक आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा घटना अहवाल, म्हणजे नमुना 1, नीट भरायला ऑफिसातली शिस्तच उपयोगी पडते. ‘नवरा नेहमी मारतो’ एवढंच लिहिलं की प्रकरण कच्चं राहतं. तारीख, वेळ, जागा, कोणी, कशानं, सगळं हवं. तारीख आठवत नसेल तर ‘चवथीच्या आदल्या रात्री’ असं आश्रयाला आलेल्या बाईच्याच शब्दांत लिहावं. वैद्यकीय कागद आणि लग्ननोंदणीचा दाखला सोबत लावावा. गोव्याच्या नागरी कायद्यात वैवाहिक मालमत्तेच्या हक्कासाठी तो दाखला फार मोलाचा.

मात्र कागदांसाठी तिला दारात ताटकळत ठेवू नये. आधी अहवाल दिला नाही म्हणून आश्रय नाकारता येत नाही, नियमांतच तसं म्हटलंय.

नवखी माणसं सर्वांत जास्त चुकतात ती इथं: समेट घडवायच्या तळमळीनं नवऱ्याला फोन करतात. त्या एका फोननं तिचा ठावठिकाणा उघड होऊ शकतो.