एका शब्दाचे ६४५ अर्थ

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती आणि ती सुमारे ६०,००० शब्दांची होती. पुढे नोंदी सुधारण्याचे काम सुरू असताना ‘रन’ने तो मान पटकावला, २०११ सालापर्यंत कोशकारांनी क्रियापद म्हणून त्याचे ६४५ अर्थ वेगळे काढले होते. माणूस धावतो, नळ वाहतो, यंत्र चालते, धुताना कपड्याचा रंग उतरतो, उमेदवार निवडणुकीला उभा राहतो, आणि या सगळ्यांसाठी इंग्रजीला ‘रन’ पुरतो. आपले ‘लागणे’ही याच जातकुळीतले आहे.

हे अर्थ एकाच मुळाचे फाटे असतील, तर त्याला अनेकार्थता म्हणतात. उच्चार एक पण मुळे भिन्न असतील, तर ते शब्दच वेगळे मानले जातात. नदीकाठाचा ‘बँक’ स्कँडिनेव्हियन भाषांकडून इंग्रजीत आला, तर पैशांची ‘बँक’ इटालियनमधील बाकाच्या नावावरून आली. गंमत अशी, की व्युत्पत्तिशास्त्रज्ञ आणखी मागे जातात तेव्हा या दोघांचा माग एकाच जर्मानिक मुळाशी पोहोचतो, त्यामुळे ही सीमारेषा दिसते तितकी ठळक नाही.

भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज झिफ यांनी १९४५ साली दाखवून दिले, की शब्दाच्या अर्थांची संख्या साधारणपणे त्याच्या वापराच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे शंभरपट अधिक वापरल्या जाणाऱ्या शब्दाला सुमारे दहापट अर्थ असतात.

मग ऐकणाऱ्याचा गोंधळ का उडत नाही? मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी यांनी १९७९ साली केलेला प्रयोग मला या संदर्भात सर्वांत बोलका वाटतो. इंग्रजीत ‘बग’ म्हणजे किडा आणि चोरून ऐकण्याचे यंत्रही. कोळी आणि झुरळांचा उल्लेख असलेल्या उताऱ्यात हा शब्द ऐकू येताच पडद्यावर अक्षरे दाखवली जात, आणि तो खरा शब्द आहे की नाही, हे सहभागींनी ठरवायचे असे. संदर्भ इतका उघड असूनही ‘मुंगी’ आणि ‘हेर’ या अर्थांचे दोन्ही शब्द असंबद्ध शब्दांपेक्षा लवकर ओळखले गेले. मात्र तेच शब्द तीन अक्षरावयव (सिलॅबल) उशिरा दाखवल्यावर फक्त ‘मुंगी’चा वेग टिकून राहिला. म्हणजे मेंदू आधी दोन्ही अर्थ जागे करतो आणि नको असलेला अर्थ, आपल्याला चाहूलही लागू न देता, क्षणार्धात बाजूला सारतो.

भाषांतर करू पाहणाऱ्या यंत्रांना हीच निवड फार जड गेली. ‘पेन’ म्हणजे लेखणी, तसेच लहान मुलांना खेळायला सोडण्याचे कुंपणही. ‘खोके पेनमध्ये होते’ या वाक्यात कोणता अर्थ घ्यायचा, हे वस्तूंच्या आकारमानाचे ज्ञान नसलेल्या यंत्राला कळणार नाही, असा आक्षेप यंत्रभाषांतराचे अभ्यासक येहोशुआ बार-हिलेल यांनी १९६० साली घेतला होता. संगणकाला शब्दांचे अर्थ आकड्यांत मांडून देणाऱ्या, २०१३ च्या सुमारास गाजलेल्या पद्धतींतही प्रत्येक शब्दाला आकड्यांची एकच ओळ मिळे, त्यामुळे लेखणी आणि कुंपण एकाच ओळीत कोंबले जात. शेजारचे शब्द पाहून प्रत्येक वापरासाठी निराळी ओळ तयार करणारी प्रारूपे त्यानंतरच्या काही वर्षांत रूढ झाली.