आतडे नॉर्मल दिसत असताना तुकडा कशासाठी?

कोलोनोस्कोपीच्या (मोठे आतडे कॅमेऱ्याच्या नळीने आतून पाहण्याच्या तपासणीच्या) रिपोर्टात ‘आतडे नॉर्मल’ असे लिहिलेले असते आणि खालीच ‘बायोप्सी घेतली’, म्हणजे तपासणीसाठी छोटे तुकडे काढले, अशी नोंद असते. पेशंट गोंधळतो. सगळे ठीक होते, तर तुकडे कशाला काढले? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शंभरहून अधिक वर्षांत हळूहळू मिळत गेले.

मोठ्या आतड्याचे आजार आधी कळले ते शवविच्छेदनातून. आजाराचे मूळ पेशींत शोधावे, हे जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिरखो यांनी 1858 मध्ये मांडले. पुढच्याच वर्षी लंडनच्या सॅम्युएल विल्क्स यांनी अल्सरेटिव्ह कोलायटिसचे (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण आणणाऱ्या आजाराचे) वर्णन केले, तेही मृत रुग्णाच्या आतड्यावरून.

डॅनिश बालरोगतज्ज्ञ हराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी 1886 मध्ये बर्लिनला दोन मुलांची हकिकत सांगितली. जन्मापासून शौचाला होत नव्हते, पोट फुगत गेले आणि दोघेही दगावले. आतडे उघडले तेव्हा ते प्रचंड फुगलेले होते. दोष त्या फुगलेल्या भागातच असणार, असे धरले गेले. पुढे सर्जन तोच भाग कापून काढत आणि त्रास पुन्हा सुरू होई. खरा दोष त्याच्या खाली, अरुंद आणि वरवर धडधाकट दिसणाऱ्या भागात होता. आतड्याची हालचाल घडवणाऱ्या गँग्लिऑन पेशी (एक प्रकारच्या मज्जापेशी) तिथे नव्हत्याच. 1948 च्या सुमारास हे पक्के झाले, आणि ऑर्वर स्वेन्सन यांनी तो अरुंद भाग काढायची शस्त्रक्रिया आणली. 1955 मध्ये त्यांनी निदानासाठी गुदाशयाची बायोप्सीही सुचवली. पण तिच्यात भिंतीचा पूर्ण जाडीचा तुकडा काढावा लागे, म्हणजे तान्ह्या बाळाला भूल आली. हेलन नोब्लेट यांच्या 1969 च्या उपकरणाने ती कटकट मिटवली. ते अस्तर आत ओढून छोटासा तुकडा कापते. त्या जागी वेदना जाणवत नाही, त्यामुळे बाळाला भूल लागत नाही.

तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या डॉक्टरचे, म्हणजे पॅथॉलॉजिस्टचे, काम मात्र अवघडच राहिले. पेशी ‘आहे’ म्हणायला एक काप पुरतो. ‘नाही’ म्हणायचे तर तुकड्याचे डझनावारी काप नजरेखालून घालावे लागतात, आणि तुकड्यात अस्तराखालचा थर आला नसेल तर तो पुन्हा मागवावा लागतो. मला तरी ही या विषयातली सर्वांत जबाबदारीची ओळ वाटते: ‘गँग्लिऑन पेशी आढळल्या नाहीत.’

आतडे आतून पाहायच्या जुन्या ताठ नळीतून साधारण 25 सेंटिमीटरपर्यंतच दिसे. 1960 च्या दशकाअखेर लवचीक कोलोनोस्कोप आले आणि संपूर्ण मोठ्या आतड्यातून तुकडे घेणे शक्य झाले. मग 1976 मध्ये स्वीडनच्या क्लास लिंडस्ट्रॉम यांनी कोलॅजिनस कोलायटिसची नोंद केली. पाण्यासारखे जुलाब महिनोन्‌महिने चालू असतात, आतडे सहसा नितळ दिसते, आणि वरच्या पेशींच्या थराखाली कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचा जाड पट्टा असतो. निरोगी आतड्यात तो मिलिमीटरच्या काही हजारांश भागाइतका पातळ असतो. इथे तो 10 मायक्रोमीटरच्या वर जातो (एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कॅमेऱ्याला हा फरक दिसत नाही. गुदाशयाच्या तुकड्यातही पट्टा कधी कधी सापडत नाही, म्हणून आतड्याच्या उजव्या आणि डाव्या भागांतून वेगवेगळे तुकडे घेऊन ते वेगवेगळ्या बाटल्यांत पाठवतात.