पाइप तंबाखूच्या ब्लेंडची आवड

पाइपची तंबाखू सहसा एकाच पानाची नसते, वेगवेगळी पानं मिसळून ती तयार होते आणि त्या मिश्रणालाच ब्लेंड म्हणतात. एकाला जीव की प्राण असलेला ब्लेंड दुसऱ्याला दोन झुरक्यांत नकोसा होतो, आणि त्याची कारणं जितकी पानात आहेत तितकीच ओढणाऱ्याच्या नाका-तोंडातही आहेत.

व्हर्जिनिया पान कोठारात गरम हवेवर वाळवतात म्हणून त्यात साखर भरपूर राहते, चव गोडसर लागते, पण घाईघाईने ओढलं की जीभ भाजल्यासारखी चुरचुरते. बर्ली सावलीत वाऱ्यावर वाळतं, साखर जवळजवळ उरत नाही, पण वरून लावलेला व्हॅनिला, रम, कोको ते छान शोषून घेतं, त्यामुळे गोड वासाच्या अमेरिकन ब्लेंडमध्ये ते हमखास सापडतं. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या सेंट जेम्स परगण्यातलं पेरीक वेगळंच, पानं व्हिस्कीच्या पिंपात दाबून स्वतःच्याच रसात साधारण वर्षभर आंबवतात, मग त्याला मिरीसारखा तिखटपणा येतो.

खरे दोन तट पडतात ते लटाकियावरून. हे पान लाकडाच्या धुरावर काळं होईपर्यंत धुरावतात, पूर्वी सीरियात आणि नंतर मुख्यतः सायप्रसमध्ये. कुणाला त्यात शेकोटीचा वास येतो, कुणाला जळक्या रबराचा, आणि दोघंही खरं बोलत असतात. कारण आपण जिला चव म्हणतो ती बरीचशी घशामागून नाकात चढणारा वास असते, आणि वासाचे कण पकडणाऱ्या रिसेप्टरांचे (नाकातल्या पेशींवरच्या प्रथिनांचे) जे साधारण ४०० प्रकार माणसाच्या नाकात असतात ते जनुकांमुळे प्रत्येकाचे थोडे वेगळे असतात. कोथिंबीर काही जणांना साबणासारखी लागते त्यातला हाच प्रकार. कडूचंही तसंच, १९३१ मध्ये ड्युपॉन्ट या अमेरिकन रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ आर्थर फॉक्सच्या हातून पीटीसी नावाची पावडर उडाली तेव्हा सहकाऱ्याला तोंड कडू लागलं आणि खुद्द फॉक्सला काहीच नाही, पुढे कळलं की हा फरक मुख्यतः एका जनुकाचा आहे.

निकोटिनचा भागही मोठा. धूर अल्कधर्मी असेल तर ते तोंडाच्या त्वचेतूनच रक्तात उतरतं, आणि यकृतातलं ते मोडणारं एन्झाइम काहींचं हळू चालतं, अशा माणसाला कडक ब्लेंडने गरगरलं तर त्यात नवल नाही. (धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाचा कॅन्सर पाइपनेही होतो, हे इथे सांगायलाच हवं.)

त्यात आणखी ओढण्याची पद्धत. तंबाखू ओलसर असेल, झुरके जलद असतील तर वाफ आणि आच दोन्ही वाढतात, गोड ब्लेंडही जिभेला चावतो आणि दोष मात्र ब्लेंडला लागतो. शिवाय खोलीत बसलेल्यांना जो वास येतो आणि ओढणाऱ्याला जी चव लागते त्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, व्हॅनिलाचा ब्लेंड शेजाऱ्याला केकसारखा वाटतो, ओढणाऱ्याला कित्येकदा नुसती गरम हवा.