ओव्हरलोडच्या दंडाची पार्श्वभूमी

ओव्हरलोड ट्रक पकडला गेला तर आज कायद्याने किमान 20,000 रुपये दंड होतो, वर जादा मालाच्या प्रत्येक टनामागे 2,000. हे दर 1 सप्टेंबर 2019 पासूनचे. त्याआधी जवळपास 25 वर्षे, म्हणजे 1994 च्या दुरुस्तीपासून, दंड होता 2,000 रुपये आणि टनामागे 1,000. पाच टन जादा भरले तर सगळे मिळून 7,000 रुपये. लांबच्या फेरीत तेवढे पैसे जादा मालाच्या भाड्यातूनच सुटत, त्यामुळे मालक दंडही डिझेल आणि टोलच्या हिशेबात धरू लागले.

या हिशेबाला सरकारांनीही हातभार लावला. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातले कलम 200 राज्यांना तडजोड शुल्क घेऊन प्रकरण मिटवण्याची मुभा देते. काही राज्यांनी तिचा अर्थ असा लावला की शुल्क भरले की गाडी भरल्या मालानिशी पुढे जाऊ द्यायची. तिजोरीत पैसे येत होते, ओझे रस्त्यावरच राहत होते. खरे तर जादा माल उतरवण्याचा आदेश देण्याचा अधिकार कलम 114 मध्ये आधीपासूनच होता. अखेर 2005 मध्ये परमजित भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की शुल्क भरल्याने जादा माल नेण्याचा परवाना मिळत नाही, माल उतरवावाच लागेल. 2019 च्या दुरुस्तीने हीच अट दंडाच्या कलमात घातली: जादा माल उतरेपर्यंत गाडी हलणार नाही. माझ्या मते वीस हजारांच्या आकड्यापेक्षा या वाक्याची जरब मोठी आहे, कारण गाडी उभी राहिली की फेरीच बुडते. वजन करून द्यायला नकार देणाऱ्याला तर 40,000 रुपये दंड आहे.

मध्येच, जुलै 2018 मध्ये, केंद्राने मर्यादाच वाढवली. दोन अ‍ॅक्सलच्या (चाके जोडणाऱ्या आडव्या दांड्यांच्या) ट्रकचे मालासह एकूण वजन 16.2 टनांवरून 18.5 टनांवर गेले, तीन अ‍ॅक्सलचे 25 वरून 28.5 वर. कालचा बराचसा गुन्हा एका अधिसूचनेने नियमात बसला. रस्त्याला मात्र अधिसूचना कळत नाही. अमेरिकेत 1950 च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या चाचण्यांतून निघालेल्या ढोबळ नियमानुसार अ‍ॅक्सलवरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज सुमारे 16 पट होते.

वाढीव दंड सगळीकडे एकदम आले नाहीत. महाराष्ट्रात नव्या तडजोड शुल्काची अधिसूचना निघायला डिसेंबर 2021 उजाडला.

दंड कुणाच्या खिशातून जावा, हा वाद वेगळाच. ओव्हरलोडच्या दंडाचे कलम 194 गाडी चालवणाऱ्याइतकेच चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही धरते. म्हणजे मालक सुटत नाही, माल भरायला लावणाऱ्यापर्यंतही पोहोचता येते. पण वजनकाट्यावर गाडी अडते तेव्हा समोर असतो तो ड्रायव्हर.