एका फोटोत दोन उजेड

बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्री रंगते. मशाली, ट्रॉलीवर उभारलेला गड, त्यावरचे हॅलोजन, मागे जनरेटरची धडधड. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या फोटोंत मात्र लेझीम खेळणारा पोरगा पांढराफटक आणि त्याच्यामागे नुसता काळोख. गड गेला कुठे?

फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. पोरगा 2 मीटरवर आणि चित्ररथ 8 मीटरवर असेल, तर अंतर चौपट, पण चित्ररथावर पडणारा उजेड सोळापट कमी. फ्लॅश कितीही महागडा घ्या, हे गुणोत्तर बदलत नाही.

म्हणून हौशी मंडळी फ्लॅशच्या नावाने बोटं मोडतात. माझ्या मते खोट शटरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड सोडणाऱ्या पडद्याच्या वेळेत असते. फ्लॅशचा लखलखाट साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागात, कधी त्याहूनही लवकर आटोपतो. शटर 1/250 सेकंद उघडं राहो की 1/15, तो अख्खा त्यात मावतो. पोरावर पडणारा फ्लॅश तेवढाच. हॅलोजन आणि मशाली मात्र सतत जळत असतात. त्यांचा उजेड शटर उघडं आहे तोवर साठत जातो. 1/250 वरून 1/15 वर आलात की तो सुमारे सोळापट साठतो आणि गड फोटोत परत येतो. थोडक्यात, शटरने मागचा उजेड सांभाळायचा, फ्लॅशच्या ताकदीने पुढचा माणूस. अ‍ॅपर्चर (भिंगाचं छिद्र) आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) दोन्ही उजेडांना सारखेच लागू.

एवढ्या सावकाश शटरमध्ये पोरगा हलणारच. फ्लॅशने त्याचा चेहरा गोठतो, मशालीचा मात्र पट्टा उमटतो. कॅमेऱ्यात ‘रिअर कर्टन’ निवडलं तर फ्लॅश शटर मिटण्याच्या बेतात पडतो, मग तो पट्टा मशालीच्या मागे राहतो. नाहीतर पोरगा उलटा पळतोय असं वाटतं!

रंगाचंही एक त्रांगडं आहे. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. फ्लॅश साधारण 5500 केल्विनचा, म्हणजे दुपारच्या उन्हासारखा. हॅलोजन 3200 च्या आसपास, पिवळसर. फ्लॅशवर नारिंगी जेलचा (पारदर्शक रंगीत प्लास्टिकचा) तुकडा चिकटवून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, ‘टंगस्टन’वर (पिवळ्या बल्बच्या उजेडासाठीच्या सेटिंगवर) ठेवला की दोन्ही उजेड जुळतात. स्वस्तातल्या एलईडी माळांची गोष्ट वेगळी: आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून त्या सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात आणि जलद शटरला फोटोत आडवे पट्टे येतात. इथेही सावकाश शटरच कामी येतं.

मोबाइलचा फ्लॅश म्हणजे चिमुकला एलईडी. मिरवणुकीत तो बंदच ठेवलेला बरा. त्याचा नाइट मोड अनेक फ्रेम (एकापाठोपाठ टिपलेली चित्रं) एकमेकींवर रचतो. 16 फ्रेमची सरासरी काढली तर फोटोतले दाणे चौथाईवर येतात. हलत्या लेझीमला हा मोड फारसा कामाचा नाही, पण बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत तो शोभतो. 1204 सालचं हे जैन मंदिर, छतावर दगडात कोरलेलं कमळ. खालून सरळ फ्लॅश मारला की पाकळ्यांच्या सावल्या पुसल्या जातात आणि कोरीवकाम सपाट दिसतं. दारातून तिरका येणारा उजेडच तिथे पुरेसा आहे. मोबाइल फरशीवर उताणा ठेवा, पुढचा कॅमेरा निवडा, टायमर 10 सेकंदांचा लावा आणि स्वतः चौकटीबाहेर सरका.